परफॉर्मन्स कॅमशाफ्ट बसवण्याआधी: ताकद, इंजिनाचं आयुष्य आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलेट, ६५० ट्विन आणि जुन्या मारुती चालवणाऱ्या मंडळींकडून कॅमबद्दल (कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा) जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः रॉयल एनफिल्डची घेतली आहेत. मी सर्वांत जास्त वेळा तीच इंजिनं उघडली आहेत, आणि आपल्याकडे कॅम बदलायचं खूळही त्याच गाड्यांच्या मालकांना जास्त आहे. तत्त्व मात्र सगळ्या फोर-स्ट्रोक इंजिनांना सारखंच लागू पडतं.

कॅम बदलला म्हणजे इंजिनात नेमकं काय बदललं?

व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, एवढंच. पण इंजिनाचा सगळा स्वभाव या तीन गोष्टींवर अवलंबून असतो.

क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५८ वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमवरच्या उंचवट्यामुळे, म्हणजे लोबमुळे, व्हॉल्व्ह जितका खाली दबतो ती लिफ्ट. क्रँकच्या जितक्या अंशांपर्यंत तो उघडा राहतो ते ड्युरेशन. एग्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) मिटायच्या आधीच इनटेक (हवा आत घेणारा) उघडलेला असतो, त्या मधल्या काळाला ओव्हरलॅप म्हणतात.

यातली सर्वांत महत्त्वाची वेळ म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याची, आणि नेमकं तिच्याकडेच लोक कमी लक्ष देतात. पिस्टन खालच्या टोकाला पोचून वर निघाला तरी इनटेक काही अंश उघडाच असतो. जास्त फेऱ्यांवर आत येणाऱ्या हवेला रेटा असतो. एसटीच्या दारात मागून लोंढा आला की आतली जागा संपली तरी माणसं आत ढकलली जातात, तशी पिस्टन वर येत असतानाही हवा आत घुसत राहते. कमी फेऱ्यांवर हा रेटा नसतो. तेव्हा वर येणारा पिस्टन आत घेतलेली हवा उलट इनटेकमध्ये ढकलून देतो. मोठ्या ड्युरेशनचा कॅम इनटेक आणखी उशिरा मिटवतो, म्हणून तो वर जोर देतो आणि खाली जोर काढून घेतो. दुसऱ्या भागाचा उल्लेख जाहिरातीत सहसा नसतो.

किती अश्वशक्ती वाढेल?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हिशेब कसा होतो ते समजून घ्या, म्हणजे समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही ते तुम्हालाच कळेल.

ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. एनफिल्डचं ६४८ सीसी ट्विन इंजिन सुमारे ५,२०० फेऱ्यांना ५२ न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि सुमारे ७,२०० फेऱ्यांना ४७ अश्वशक्ती. उलटा हिशेब केला तर त्या ७,२०० फेऱ्यांना टॉर्क साधारण ४६ न्यूटन-मीटरवर उतरलेला असतो. म्हणजे ५,२०० नंतर सिलिंडर दर वेळी थोडा थोडा कमी भरतोय. आता असा कॅम घातला की ज्याने हेच ४६ न्यूटन-मीटर ८,००० फेऱ्यांपर्यंत टिकले, तर ताकद ५२ अश्वशक्तीच्या जवळ जाते. टॉर्क कणभरही वाढला नाही, तरी पाच अश्वशक्ती मिळाली. कॅमचं खरं काम हेच असतं.

पण त्या पाच अश्वशक्तींसाठी गाडी ८,००० ला न्यावी लागते. वरंधा घाटात मागे माणूस आणि बॅगा घेऊन तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० वर चढत असाल, तर त्या पाचमधली एकही तुमच्या उपयोगाची नाही. उलट तिथे गाडी पूर्वीपेक्षा ढिली वाटेल, गिअर जास्त वेळा पाडावा लागेल. कॅम निवडताना मी आधी मालकाला विचारतो की महिन्याभरात इंजिन किती वेळा ६,००० च्या वर जातं. बहुतेकांना हे उत्तर द्यायला थोडा विचार करावा लागतो.

आरएक्स १०० चे पोर्ट घासले की गाडी उडायची. कॅम म्हणजे तेच ना?

नातं आहे, पण अर्धंच. आरएक्स टू-स्ट्रोक, तिला कॅमच नाही. पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं भोक) किती उंचीवर उघडतो यावर तिथे टायमिंग ठरतं, म्हणून फाईल मारून पोर्ट वर नेला की टायमिंग बदलायचं. ते काम सिलिंडर बाहेर काढून डोळ्यांसमोर होतं आणि बिघडलं तर बोअर बदलून निभावता यायचं. आपल्याकडच्या कितीतरी कुशल मिस्त्रींचा हात त्यावरच बसला आहे. फोर-स्ट्रोकमध्ये टायमिंग बदललं की त्याच्यामागे स्प्रिंग, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा तुकडा), पुशरॉड (रॉकरला ढकलणारी काडी), टायमिंग चेन, पिस्टनवरचे व्हॉल्व्हसाठीचे खड्डे हे सगळं ओढलं जातं. टू-स्ट्रोकच्या अंदाजाने फोर-स्ट्रोकचं हेड बांधलं, तर वाकलेले व्हॉल्व्ह हाती येतात.

मोठ्या कॅममुळे इंजिनाचं आयुष्य कमी होतं का?

कॅम स्वतः इंजिन मारत नाही. कॅमबरोबर ज्या तीन गोष्टी येतात त्या मारतात, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू.

पहिली गोष्ट फेऱ्या. कॅम वरच्या फेऱ्यांना जोर देतो, म्हणून चालवणारा तिथे जातो आणि तिथेच राहतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ओढीचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,२०० वरून ८,५०० म्हणजे फेऱ्या १८ टक्के वाढल्या, पण भार जवळजवळ ३९ टक्के वाढला. यात स्ट्रोकची लांबीही पाहायची. ६५० चा स्ट्रोक ६७.८ मिलिमीटर आहे. ८,५०० वर त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.२ मीटर होतो. जुन्या बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे, आणि तिथे ६,५०० लाच हा वेग १९.५ मीटरवर जातो. जुनी बुलेट पाच हजारांच्या आत चालावी या हिशेबाने बनवलेली आहे. तिला साडेसहा हजारांचा कॅम घालायचा तर खालचं बेअरिंग, रॉड आणि क्रँकचं बॅलन्सिंग यांचं उत्तर आधी हवं.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची हालचाल. जास्त लिफ्ट तेवढ्याच वेळात द्यायची तर लोबची बाजू उभी करावी लागते. व्हॉल्व्ह जोरात उघडतो आणि जोरात सीटवर आपटतो. कंपनीचा कॅम करणारे इंजिनिअर मिटण्याच्या शेवटच्या भागात हलका उतार ठेवतात, त्यामुळे व्हॉल्व्ह अलगद टेकतो. उग्र कॅममध्ये हा उतार छोटा असतो. परिणाम म्हणून सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) घासली जाते, टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांमध्ये ठेवलेली बारीक फट) लवकर बदलते आणि टिकटिक लवकर सुरू होते. जास्त लिफ्टमुळे रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावरून जास्त सरकतं, व्हॉल्व्हला बाजूला रेटतं आणि गाईड (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती) अंडाकृती झिजवतं. सायलेन्सरमधून सकाळी पहिल्यांदा निळा धूर दिसला की मी आधी गाईड आणि स्टेम सील बघतो, रिंगा नंतर.

तिसरी गोष्ट स्प्रिंग. तिला वेगळा प्रश्न द्यावा लागेल, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथून होतं.

या तिन्हींचा नीट विचार केलेला, कमी उंचीचा, रस्त्यासाठीचा कॅम असेल आणि मालक दर सर्व्हिसला टॅपेट बघत असेल, तर इंजिन वर्षानुवर्षं चालतं. रेसचा कॅम असेल तर तो काही शर्यतींनंतर उघडून तपासायचा, असं गृहीत धरूनच बनवलेला असतो. ज्याला रोज कामावर जायचंय त्याने तो घेऊ नये.

कडक स्प्रिंग घातली की सुरक्षित, असं मिस्त्री म्हणतात. बरोबर का?

गरजेपुरती कडक, त्याहून जास्त नाही.

स्प्रिंगचं काम व्हॉल्व्हला लोबच्या मागे चिकटून धावायला लावणं. फेऱ्या वाढल्या की व्हॉल्व्हचं वजन त्याला हवेत फेकू पाहतं. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह लोब सोडतो, याला फ्लोट म्हणतात. मग तो कॅमच्या वेळेवर न मिटता स्वतःच्या वेळेवर मिटतो आणि पिस्टनला गाठतो. म्हणून उग्र कॅमला जास्त ताकदीची स्प्रिंग लागते, हे खरं.

पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लोबच्या टोकाला सर्वांत जास्त त्रास टॉप स्पीडला होत नाही, आयडलिंगला होतो (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू; आपण ज्याला स्लो म्हणतो). जास्त फेऱ्यांवर टोकाजवळ व्हॉल्व्हची स्वतःची गती स्प्रिंगचा बराचसा भार उचलते. आयडलिंगला ही मदत नसते, स्प्रिंगचा पूर्ण दाब टोकावर पडतो. शिवाय फिरण्याचा वेग कमी म्हणून दोन पृष्ठभागांमधला तेलाचा थर पातळ असतो, आणि क्रँकवरून उडून येणारं तेलही कमी. त्यामुळे गरजेपेक्षा कडक स्प्रिंग सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत कॅम खाते.

स्प्रिंग बदलताना दोन मापं घ्यायची. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, आणि वरची टोपी व्हॉल्व्ह गाईडच्या सीलवर आपटत नाही ना. दोन्हीकडे किमान मिलिमीटरभर मोकळी जागा हवीच. ज्याने कॅम बनवलाय त्याने सांगितलेलीच स्प्रिंग वापरावी, दुकानात मिळाली ती नाही.

नवीन कॅम तीन हजार किलोमीटरमध्ये उखडला. माल खराब होता का?

असू शकतो. पण आधी पहिल्या वीस मिनिटांत काय झालं ते आठवा.

माझ्या स्वतःच्या कास्ट आयर्न बुलेटचं हे झालं होतं. इंजिन एका गॅरेजमध्ये बांधून घेतलं होतं. टॅपेटचा आवाज वाढला म्हणून टायमिंग कव्हर उघडलं, तर एग्झॉस्टच्या लोबवर नख फिरवताना मधेच खरखर लागली. टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं. टोकाचा चकचकीत पट्टा तुटून तिथे वाळूसारखे बारीक खड्डे पडले होते, आणि टॅपेटच्या (लोबवर टेकून पुशरॉडला ढकलणाऱ्या तुकड्याच्या) पायावर मधोमध बशीसारखा खळगा झाला होता. चांगला टॅपेट आपल्या घरात फिरत राहतो, त्यामुळे झीज सगळीकडे पसरते. हा फिरायचा थांबला होता आणि एकाच जागी घासत होता. नंतर कळलं की कॅम नुसतं इंजिन ऑइल चोळून बसवला होता, जुनेच टॅपेट ठेवले होते आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर गाडी अर्धा तास स्लोवर उभी होती. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी निभावली असती कदाचित. तिन्ही एकत्र नाही निभावल्या.

सपाट पायाचे टॅपेट असलेल्या इंजिनात नवीन कॅमबरोबर नवीन टॅपेट घ्यायचेच. बसवताना लोबवर आणि टॅपेटच्या पायावर मोलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावायची. ऑइल पंप आधी भरून घ्यायचा. इंजिन सुरू झालं की लगेच रेस धरायची, २,००० च्या आसपास, थोडी वर-खाली करत, आणि पंधरा-वीस मिनिटं स्लोवर येऊ द्यायचं नाही. बुलेट हवेवर थंड होते, उभ्या गाडीत हेड तापतं, म्हणून समोर मोठा पंखा लावा, गरज वाटली तर बंद करून थंड होऊ द्या आणि परत सुरू करा. मग ऑइल आणि फिल्टर बदला. टॅपेटला रोलर असलेल्या इंजिनात, म्हणजे यूसीईमध्ये (एनफिल्डचं नंतरचं इंजिन, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असतात), ही कसरत लागत नाही.

ऑइल कोणतं घालू?

सपाट टॅपेटवर धातूला धातूपासून वाचवतो तो जस्त आणि फॉस्फरसचा अंश. गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून पातळ ग्रेडच्या आधुनिक कार ऑइलमध्ये तो कमी केला गेला. मोटरसायकलसाठीच्या जेएएसओ एमए आणि एमए२ (जपानी मानकं, डब्यावर छापलेली असतात) ऑइलमध्ये तो ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवावा लागतो. त्यामुळे दुचाकीत दुचाकीचंच ऑइल घाला, कारसाठीचं ५डब्ल्यू-३० स्वस्तात मिळालं तरी नको.

जुन्या चार गिअरच्या बुलेटमध्ये क्लचचं तेल आणि गिअरबॉक्सचं तेल इंजिनापासून वेगळं असतं, म्हणून तिथे क्लच घसरण्याची चिंता न करता निवड करता येते. यूसीई आणि ६५० मध्ये एकच ऑइल सगळीकडे फिरतं, तिथे एमए२ सोडू नका. आणि कोणत्याही इंजिनात, सकाळी बटण दाबल्या दाबल्या रेस देऊ नका. तेल हेडपर्यंत सर्वांत शेवटी पोचतं.

नवा कॅम महाग पडतो. जुनाच ग्राइंड करून घेतला तर?

करता येतो, चांगलाही होतो, पण आधी कॅम कशाचा आहे ते बघा.

कॅम कसा बनतो हे आपल्याकडे बघायला मिळू शकतं, कारण सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे. जगातल्या मोठमोठ्या कार कंपन्यांना तिथून कॅम जातात. चिल-कास्ट कॅम ओतताना साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात. रस त्यांना भिडला की तेवढाच भाग झटकन थंड होतो आणि काचेसारखा कडक बनतो. मधला दांडा सावकाश थंड होतो, तो चिवट राहतो. दुसऱ्या प्रकारच्या कॅममध्ये स्टीलला वरून कडकपणा दिलेला असतो, त्याचा थर पातळ असतो.

लिफ्ट वाढवायची तर लोबचं टोक वाढवता येत नाही, मग बेस सर्कल म्हणजे मागचा गोल भाग घासून लहान करतात. पातळ थराचं स्टील असेल तर ग्राइंडिंगमध्ये कडक थरच निघून जातो आणि आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. असा कॅम दिसायला आरशासारखा असतो आणि दोन महिन्यांत जातो. दुसरा मार्ग लोबवर कडक धातूचं वेल्डिंग करून मग ग्राइंड करणं. त्यात दांडा वाकण्याची शक्यता असते, म्हणून परत आल्यावर दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावाच. बेस सर्कल लहान झालं की रॉकरचा स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो, रॉकरचा कोन बदलतो. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर त्यांचा दाब सुटतो आणि लांब पुशरॉड करावे लागतात. ग्राइंडिंगवाल्याला एवढंच विचारा: घासल्यानंतर कडकपणा मोजून देणार का? नाही म्हणाला तर उठून या.

व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल का हे आधी कसं कळेल?

मातीने. शाळकरी पोरांची रंगीत प्लॅस्टिसीन घ्या, पिस्टनवर व्हॉल्व्हच्या खाली पट्टी दाबा, वर तेलाचा हात फिरवा. हेड जुन्या गॅस्केटसह बसवा, टॅपेट सेट करा आणि प्लग काढून इंजिन हाताने, पान्याने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. हेड उतरवलं की मातीत व्हॉल्व्हचा ठसा दिसेल. तो ब्लेडने उभा कापायचा आणि सर्वांत पातळ जागा व्हर्नियरने मोजायची. व्हॉल्व्ह आणि पिस्टन सर्वांत जवळ येतात ते वरच्या टोकावर नाही, तर एग्झॉस्टच्या बाबतीत साधारण दहा अंश आधी आणि इनटेकच्या बाबतीत दहा अंश नंतर. म्हणून पिस्टन वर आणून नुसतं बघण्याला अर्थ नाही.

माझा नियम: इनटेकला किमान दोन मिलिमीटर, एग्झॉस्टला अडीच, कारण एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो. ठसा जितका खोल तितकी पुढची कापाकापी जास्त. एकदा ०.९ मिलिमीटर निघालं. मालकाला पिस्टनचे खड्डे खोल करून घ्यायला सांगितलं, त्यात आठवडा गेला. व्हॉल्व्ह वाकले असते तर महिना गेला असता.

डिग्री करणं, म्हणजे कॅमचं टायमिंग अंशांत मोजून जुळवणं, खरंच आवश्यक आहे? खुणेला खूण जुळवून चालत नाही?

कंपनीच्या कॅमला चालतं. बाहेरच्या किंवा ग्राइंड केलेल्या कॅमला नाही, कारण खाच किंवा गिअर दोन-चार अंश इकडेतिकडे असू शकतो. चार अंश म्हणजे लहान गोष्ट नव्हे. कॅम चार अंश पुढे गेला की जोर खालच्या फेऱ्यांकडे सरकतो, मागे गेला की वर सरकतो, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधली जागाही बदलते.

महागडं डिग्री व्हील लागत नाही. अंशांची चकती कागदावर छापून जुन्या सीडीवर चिकटवा, तारेचा काटा करा. पिस्टनचं वरचं टोक नजरेने ठरवू नका, तिथे पिस्टन कित्येक अंश हलत नाही असं वाटतं. प्लगच्या भोकातून अडथळा घालून दोन्ही दिशांनी पिस्टन टेकवा आणि दोन आकड्यांचा मध्य काढा. इनटेकचंही तसंच: डायल गेजवर ठरावीक लिफ्ट चढताना आणि उतरताना कोणत्या अंशाला येते ते लिहा, मध्य काढा, कॅमबरोबर आलेल्या मापांच्या कार्डाशी ताडून बघा. पहिल्यांदा दोन तास जातात.

यूसीई बुलेटमध्ये टॅपेट सेट करावे लागत नाहीत, मग तिथे काळजी कमी ना?

काळजी वेगळी. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेल भरून गॅप आपोआप शून्य राहते. पण फेऱ्या खूप वाढून व्हॉल्व्ह किंचित जरी हवेत राहिला, तर टॅपेट ती फट भरून काढतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. गाडी वर अचानक ताकद सोडते, मालकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. ५,२५० ला कमाल ताकद देणाऱ्या त्या इंजिनाला मधल्या फेऱ्यांचा सौम्य कॅमच शोभतो.

बीएस-६ गाडीत कॅम घातला आणि स्लो बसतच नाही. का?

कारण ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, तुमचा कॅम माहीत नाही. ओव्हरलॅप वाढला की स्लोवर इनटेकमधला व्हॅक्यूम कमी आणि अस्थिर होतो. ज्या ईसीयूने हवेचा अंदाज दाबावरून करायचा, त्याला इंजिनावर लोड आलाय असं वाटतं. त्याच वेळी थोडी ताजी हवा न जळताच एग्झॉस्टमध्ये निसटते. ऑक्सिजन सेन्सर ती पकडतो, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे असं ठरवतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. प्लग काळा होतो, वास येतो, गाडी भुकभुकते. मिस्त्री इंजेक्टर साफ करतो, फरक पडत नाही.

मॅपिंग (ईसीयूमधला पेट्रोलचा हिशेब) नव्याने केल्याशिवाय मोठा कॅम या गाड्यांत घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमकं मोजणारा) लावून करा, नुसता चालवून अंदाज नको. जास्त फेऱ्यांवर मिश्रण पातळ राहिलं तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा जळतो, आणि मग लोक म्हणतात कॅमने इंजिन खाल्लं.

पीयूसी, आरटीओ, वॉरंटी?

वॉरंटी गेली असंच समजा. पीयूसीमध्ये पेट्रोल गाडी स्लोवर तपासतात, आणि मोठ्या ओव्हरलॅपची गाडी नेमकी स्लोवरच न जळलेलं हायड्रोकार्बन सोडते. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा बदल आडवा येऊ शकतो. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट वेगळी. रस्त्यावरच्या गाडीत हे करणाऱ्याने हे माहीत असूनच करावं.

अ‍ॅव्हरेज कमी होतं का?

शहरात होतंच. खालच्या फेऱ्यांवर सिलिंडर नीट भरत नाही, दाब कमी तयार होतो, म्हणून त्याच कामाला अ‍ॅक्सिलरेटरची मूठ जास्त उघडावी लागते. हायवेला एकाच गतीवर फरक कमी जाणवतो.

मग होंडाच्या व्हीटेक इंजिनात हे सगळं कसं जमतं?

तिथे एकाच दांड्यावर दोन स्वभावांचे लोब असतात. खालच्या फेऱ्यांना सौम्य लोब काम करतो, वर तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि रॉकर उग्र लोबला जोडला जातो. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्राच्या १.६ लिटर इंजिनात हे आणलं आणि त्यातून १६० अश्वशक्ती काढली. आपल्याकडे पहिल्या पिढीच्या सिटीच्या १.५ व्हीटेकला १०६ अश्वशक्ती होती, साध्या १.५ ला १००. बाहेरचा कॅम घालून हे दोन स्वभाव तुम्हाला एकत्र मिळणार नाहीत, एक निवडावा लागतो.

पैसे मर्यादित आहेत. कॅम आधी की दुसरं काही?

आधी कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन गरम, मूठ पूर्ण उघडी, चार-पाच किका किंवा स्टार्टर. आकडा लिहून ठेवा. तो कंपनीच्या मापापेक्षा बराच खाली असेल तर पैसे रिंगा, बोअर आणि व्हॉल्व्ह लॅपिंगवर जाऊ द्या. निम्म्या मालकांना जी ताकद कॅममधून हवी असते ती तिथेच हरवलेली असते.

इंजिन चांगलं असेल तर हवेचा रस्ता, म्हणजे फिल्टर, हेडचे पोर्ट, सायलेन्सर आणि मिश्रण, आधी ठीक करा. बंद पोर्टपुढे मोठा कॅम काही करू शकत नाही. त्यानंतर कॅम आणि पिस्टन एकत्र विचारात घ्या. इनटेक उशिरा मिटल्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष दाबली जाणारी हवा कमी होते, म्हणून कंपनीच्या कॉम्प्रेशनवर मोठा कॅम खाली मरगळलेला राहतो. थोडं कॉम्प्रेशन वाढवलं की ती उणीव भरून येते. उलट, छोट्या कॅमबरोबर कॉम्प्रेशन चढवलं तर घाटात ठोका येतो. दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच हिशेबाने करून घ्या.

जुना कॅम विकून टाकू का?

नको. पुसा, ग्रीस लावा, तेलकट कागदात गुंडाळा आणि त्याच्या टॅपेटसकट ठेवा. कोणता टॅपेट कोणत्या लोबचा ते चिठ्ठीवर लिहा, कारण ते एकमेकांशी घासून जुळलेले असतात आणि अदलाबदल झाली तर दोन्ही जातात. चिठ्ठीवर काढतानाचे किलोमीटर आणि लोबची उंचीही मायक्रोमीटरने मोजून लिहा. नवा कॅम बसवल्यावर पाचशे किलोमीटरला आणि मग दोन हजारला टॅपेटची गॅप तपासा आणि तीही तिथेच नोंदवा. गॅप सारखी वाढत असेल तर लोब झिजतोय, सारखी कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय. आवाज यायच्या कितीतरी आधी हे त्या चिठ्ठीवर दिसतं.